लाल ओळी आणि शिळा भाव: एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा रोजचा बाजारभावाचा मेसेज २०२४ च्या सोयाबीन हंगामात चार दिवस एका बाजाराचा शिळा भाव सांगत राहिला, त्याचं हे प्रकरण. गाव, माणसं आणि बाजारभावाचे आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा होता तसाच ठेवला आहे. मी यात पडलो ते बिघाड झाल्यावर, कंपनीच्या अध्यक्षांनी बोलावलं म्हणून. आधीचा भाग ऑपरेटर, लेखापाल आणि प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी यांच्याकडून ऐकून आणि जुन्या फाइली चाळून जुळवला आहे.

पार्श्वभूमी

कंपनीचं ऑफिस म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावर दोन खोल्या आणि मागे गोदाम. बियाणं, खत, हरभऱ्याची प्रतवारी अशी नेहमीची कामं. सभासदांना सगळ्यात जास्त उपयोग व्हायचा तो मात्र संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या भावाच्या मेसेजचा. यवतमाळ, वणी, हिंगणघाट, अमरावती, कारंजा, वाशिम, अकोला या सात बाजारांतले सोयाबीन, तूर आणि कापसाचे दर एका मेसेजमध्ये यायचे: आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण.

त्या वर्षी या मेसेजला जास्तच किंमत आली होती. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, नोंदणी हवी, नंबर लागायला हवा. दिवाळीच्या तोंडावर ज्याला पैसा लागतो तो इतकं थांबत नाही. मग कोणत्या बाजारात शंभर रुपये जास्त मिळतात आणि तिथवरचं भाडं वजा जाता हातात काय उरतं, हा हिशेब घरोघरी सुरू होता.

हे दर एका सार्वजनिक संकेतस्थळावर रोज येतात. सुरुवातीला ऑपरेटर हातानं पान उघडून सातही बाजार एकेक करून उतरवून घ्यायचा. मग अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, गावातल्याच एका मुलानं सुट्टीत जावामध्ये प्रोग्राम लिहून दिला. त्या पानाची रचना जुन्या वळणाची आहे. यादीतून बाजार निवडला की एक छोटं जावास्क्रिप्ट चालतं, ते फॉर्म पाठवतं आणि मग दरांचा तक्ता घेऊन नवं पान येतं. नुसता पत्ता देऊन पान उतरवलं तर तक्ता मिळत नाही. म्हणून त्यानं एचटीएमएलयुनिट वापरलं. ही जावाची एक तयार लायब्ररी, म्हणजे खिडकी नसलेला ब्राउझर. पडद्यावर काही दाखवत नाही, पण पान उघडतो, जावास्क्रिप्ट चालवतो, फॉर्म भरतो. या कामाला निवड योग्यच होती.

प्रोग्राम प्रत्येक बाजाराचा दर एका छोट्या फाइलीत लिहायचा. सातही झाले की त्या सात फाइली वाचून, वर आजची तारीख टाकून मेसेज तयार करायचा. ही रचना ध्यानात असू द्या.

अडचण

विद्यार्थ्यानं प्रोग्राम एक्लिप्समध्येच, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनातच, ठेवून दिला होता. ऑपरेटर संध्याकाळी सातला एक्लिप्स उघडून हिरवं बटण दाबायचा आणि खालच्या चौकटीत लाल अक्षरांचा पूर यायचा. एक्लिप्स स्टँडर्ड एररवर (चुका छापायच्या वेगळ्या वाटेवर) आलेलं सगळं लाल दाखवतं, आणि जावाचं स्वतःचं लॉगिंग, म्हणजे प्रोग्राम चालताना टिपणं छापायची सोय, काही सांगितलं नसेल तर, साध्या माहितीपासून गंभीर चुकीपर्यंत सगळं तिथेच ओततं. एचटीएमएलयुनिट आपल्या तक्रारी कॉमन्स लॉगिंग या मधल्या लायब्ररीच्या हाती देतं आणि दुसरी काही सोय सापडली नाही तर कॉमन्स लॉगिंग त्या जावाच्या लॉगिंगकडे सरकवतं. त्यामुळे प्रत्येक बाजारामागे शे-दोनशे ओळी, त्यांच्या मधोमध कुठेतरी ‘वणी झाले’ ही कामाची एक ओळ.

अध्यक्ष एकदा मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, “काऊन गा, एवढं लाल लाल येते, मशीन तर नाही ना जळत?” ऑपरेटर म्हणाला, “नाही काका, रोजचंच हाय ते. भाव बरोबर येते.”

त्या ओळी कसल्या होत्या हे नंतर मी वेगवेगळं करून पाहिलं. ढीग मुख्यतः तीन जातींचा होता.

पहिली जात सीएसएसच्या, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या भागाच्या, कुरकुरीची. ‘प्रोगिड’ या शब्दानंतर कोलन सापडला, अमुक ओळीत चूक, तमुक नियम वगळला. हे इंटरनेट एक्स्प्लोररसाठी लिहिलेले जुने फिल्टर. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला निवृत्त केला, पण सरकारी-निमसरकारी पानांच्या सीएसएसमध्ये त्याचे अवशेष अजून सापडतात. भावाच्या तक्त्याशी त्याचा काही संबंध नाही. पातळी: वॉर्निंग.

दुसरी जात, ‘टेक्स्ट/जावास्क्रिप्ट’ हा प्रकार आता जुनाट झाला आहे, अशी तक्रार. ही मजेशीर आहे. २००६ च्या एका आरएफसीनं, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानं, तो प्रकार जुनाट ठरवला खरा, पण मे २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९२३९ नं उलट केलं: टेक्स्ट/जावास्क्रिप्ट हाच अधिकृत, बाकीचे जुनाट. म्हणजे पान बरोबर होतं आणि त्याला नावं ठेवणारी लायब्ररीची आवृत्तीच मागे राहिली होती. याचीही पातळी वॉर्निंग.

तिसरी जात पानावरच्या दुसऱ्याच कुणाच्या स्क्रिप्टची, म्हणजे पाहुण्यांची संख्या मोजणारा काउंटर वगैरे. ती या ब्राउझरमध्ये अडखळायची आणि तिच्या चुकीची लांबच लांब साखळी छापली जायची. पातळी: सिव्हिअर, म्हणजे सर्वात गंभीर.

तिन्ही जाती दुसऱ्याच्या घरच्या भानगडी. आपल्या सात दरांवर एकीचाही परिणाम नाही.

पहिला निर्णय: फोनवरची एक ओळ

ऑपरेटरनं विद्यार्थ्याला फोन लावला. दादा, ते लाल बंद करता येते का? विद्यार्थ्यानं जे कुणीही सांगेल तेच सांगितलं: एचटीएमएलयुनिटच्या पॅकेजचं नाव देऊन त्याचा लॉगर (टिपणं छापणारा भाग) मिळवायचा आणि त्याची पातळी ‘ऑफ’ करायची. प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत. सोबत त्यानं स्वतःच्या कॉलेज प्रोजेक्टमधला सेटिंगचा आणखी एक गठ्ठा पाठवला आणि तोही चिकटवायला सांगितला.

एक ओळ आणि एक गठ्ठा. दोन्हींत खोट होती.

ओळीची खोट लगेच दिसली. काही संध्याकाळी चौकट शांत असायची, काही संध्याकाळी पहिल्यासारखा पूर. कोड तोच, पान तेच. ऑपरेटरला वाटलं व्होल्टेजचा प्रकार आहे. खेड्यात संगणकाच्या निम्म्या आजारांचं खापर लाईनवर फुटतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण इथे नव्हतं. जावाचा लॉग-व्यवस्थापक लॉगरला सैल हातानं धरतो. प्रोग्रामनं स्वतः तो लॉगर कुठल्या चलात धरून ठेवला नाही, तर स्मृतीची सफाई होताना तो जाऊ शकतो आणि त्याच्यासोबत त्याला दिलेली ‘ऑफ’ही जाते. पुढे त्याच नावानं नवा लॉगर जन्मतो, कोरा. इथे पातळी बंद करणं आणि ब्राउझर तयार होणं या दोन टप्प्यांच्या मध्ये प्रोग्राम सभासदांची मोठी एक्सेल फाइल वाचत होता. त्या वेळात सफाई झाली तर पूर, नाही झाली तर शांतता. लायब्ररीचे स्वतःचे लॉगर एकदा तयार झाले की ते आपल्या वरच्या लॉगरला घट्ट धरतात, त्यामुळे सुरुवातीला शांत राहिलेली संध्याकाळ शेवटपर्यंत शांत राहायची. उपाय एका शब्दाचा आहे: लॉगर स्थिर चलात ठेवायचा. पण हे कुणाला माहीत नव्हतं.

गठ्ठ्याची खोट मात्र दिसली नाही, आणि तीच महागात पडली. ‘एचटीएमएलयुनिटच्या एरर बंद करा’ म्हणून जो संच हातोहात फिरतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. काही सेटिंग छपाईची असतात: चुकीच्या पानाचा मजकूर छापू नकोस, सीएसएसबद्दल बोलू नकोस. काही वागण्याची असतात. सर्व्हरनं ५०० (सर्व्हरची चूक) किंवा ४०४ (पान सापडलं नाही) दिलं तर थांबायचं की जणू पान आलंच आहे असं धरून पुढे जायचं, हे त्यातलं एक. ते ‘असत्य’ केलं की लॉगही कमी होतो, म्हणून ते गठ्ठ्यात राहतं. पण त्यानं फक्त आवाज बंद होत नाही, प्रोग्राम थांबायचाच बंद होतो.

दुसरा निर्णय: सगळंच नलकडे

पूर परत परत येतोय म्हटल्यावर ऑपरेटरनं स्वतः डोकं चालवलं. एक्लिप्स सोडून त्यानं बॅच फाइल केली आणि स्टँडर्ड एरर थेट ‘नल’कडे वळवला. विंडोजमध्ये तिकडे गेलेलं परत येत नाही. आता काळ्या खिडकीत फक्त सात ओळी आणि शेवटी ‘मेसेज तयार’. ऑफिसात सगळे खूश. लेखापाल म्हणाले, आता कसं कंपनीचं काम दिसते.

मला विचाराल तर ऑपरेटरचा हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. त्याला एक ओळ वाचायची होती आणि ती सापडत नव्हती. लाल पूर चालू असतानाही तो काही वाचत नव्हता. वाचणं त्यानं कधीच सोडलं होतं. म्हणजे लाल ओळी चालू ठेवल्या असत्या तर पुढचा बिघाड वेळेत कळला असता, असं म्हणायला आधार नाही. मेसेज रोज जात होता आणि बरोबर जात होता, तोवर शांतता आणि तब्येत चांगली असणं यांत फरक करायचं कुणाला कारणही नव्हतं.

बिघाड

नोव्हेंबरात एका संध्याकाळी सातपैकी एका बाजाराचं पान सर्व्हरकडून ५०० घेऊन आलं. बाकी सहा व्यवस्थित. पुढे काय झालं ते क्रमानं सांगतो, कारण यातलं एक जरी नसतं तरी प्रकरण झालं नसतं.

गठ्ठ्यातल्या सेटिंगमुळे एचटीएमएलयुनिटनं अपवाद, म्हणजे काम थांबवणारा चुकीचा इशारा, फेकला नाही. चुकीचं पान खरं पान म्हणून हातात दिलं. त्या पानात तक्ता नव्हता. प्रोग्राम तक्त्यातल्या ओळींवर फिरतो, ओळी शून्य, म्हणून काहीच न लिहिता पुढे गेला आणि इमानदारीनं ‘झाले’ छापलं. त्या बाजाराच्या फाइलीत कालचा दर तसाच राहिला. मेसेज बनवणाऱ्या भागानं तो वाचला आणि वर आजची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी जवळच्या गावातल्या एका कास्तकारानं मेसेजमधला ४,४५० चा सर्वसाधारण दर पाहून पिकअप भाड्यानं केली आणि १८ क्विंटल सोयाबीन त्या बाजारात नेलं. तिथे माल गेला ४,१२० नं. त्याच दिवशी जवळच्या बाजारात ४,१५० चालू होते. संध्याकाळी त्यानं ऑपरेटरला फोन केला. “तुमचा भाव चार दिवसांपासून हालतच नाही कसा? आवक बी तेवढीच. त्या बाजारात रोज मोजून तेवढेच पोते येतात का बाप्पा?”

पडद्यासमोर बसणाऱ्यांना जे दिसलं नाही ते त्यानं फोनवरच्या मेसेजवरून ओळखलं होतं. दर एकवेळ सारखा राहील, पण आवक क्विंटलापर्यंत सारखी राहत नाही.

गावात हिशेब फिरला तो ३३० गुणिले १८, म्हणजे ५,९४० रुपयांचा. लेखापालांनी तो दुरुस्त केला: तो दर त्या दिवशी कुठेच नव्हता, त्यामुळे तो मिळाला नाही हे नुकसान धरता येत नाही. खरं नुकसान म्हणजे जवळच्या बाजारापेक्षा क्विंटलमागे ३० रुपये कमी, म्हणजे ५४०, आणि अडीच हजारांचं भाडं. एकूण ३,०४०. हिशेब बरोबर होता, पण तो सांगायची वेळ आणि सूर चुकला. समोरच्या माणसाला वाटलं, आता पैशावरून वाद घालतात.

तिसरा निर्णय: ग्रुपवर सांगायचं की नाही

हा निर्णय तांत्रिक नव्हता, पण सगळ्यात जास्त चर्चा याचीच झाली. एक मत: दर दुरुस्त करून पुढचा मेसेज टाकायचा, गाजावाजा कशाला. दुसरं मत अध्यक्षांचं: ज्यांनी त्या चार दिवसांत माल नेला त्यांना कळलं पाहिजे, आणि ज्यांनी नेला नाही त्यांनाही. शेवटी ग्रुपवर साधा मेसेज गेला. अमुक बाजाराचे अमुक चार दिवसांचे दर जुने होते, ते धरू नका, खरे दर खाली देत आहोत. भाड्याची रक्कम कंपनीनं त्या कास्तकाराला दिली. एकानं ‘मग याआधीचे बरोबर होते कशावरून’ असं विचारलं. त्याला उत्तर देता आलं नाही, कारण जुना लॉग नलमध्ये गेला होता. माझ्या मते ‘नल’चं खरं मोल तिथे कळलं. चूक दिसली नाही हे एक. पण नंतर मागे वळून तपासायलाही काही उरलं नाही.

पर्याय

मी गेलो तेव्हा टेबलावर हे होतं.

सगळा लॉग पुन्हा चालू करायचा. विद्यार्थ्याचा कल इकडे होता, पोळल्यामुळे. पण पूर परत आला की ऑपरेटर पुन्हा वाचणं सोडणार, हे उघड होतं.

पातळी लावायची: सिव्हिअर तेवढं दाखवा, बाकी नको. ऐकायला हा सर्वांत शहाणा पर्याय वाटतो, आणि मीही जाताना डोक्यात हाच घेऊन गेलो होतो. जुन्या सेटिंगनं एक फेरी चालवून लॉग पाहिला तेव्हा तो गळाला. पान ५०० घेऊन आलं की एचटीएमएलयुनिट त्याचा स्टेटस कोड आणि मजकूर छापतं, पण छापतं ते ‘माहिती’ या पातळीवर, म्हणजे वॉर्निंगच्याही खाली. आणि पाहुणे मोजणारा काउंटर अडखळला तर ते सिव्हिअर. लायब्ररीच्या बाजूनं पाहिलं तर हे बरोबर आहे: ५०० मिळणं हा ब्राउझरचा दोष नाही, तो फक्त सांगतो. पण आपल्याला नेमकी तीच ओळ हवी. पातळीची चाळणी लावली असती तर कचरा वर राहिला असता आणि दाणा खाली गेला असता.

ब्राउझरच काढून टाकायचा. जेसूपसारखी साधी लायब्ररी घ्यायची आणि जावास्क्रिप्ट जो फॉर्म पाठवतं तो आपणच पाठवायचा. जेसूप सीएसएसकडे बघत नाही, स्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे कुरकुरही नाही. मला हा आवडला होता. अडचण अशी की त्या फॉर्ममध्ये लपलेल्या फील्डांत लांबलचक अक्षरमाला असते, ती दर पानागणिक बदलते आणि प्रत्येक वेळी आधीच्या पानातून उचलून परत पाठवावी लागते. अशक्य नाही. पण संकेतस्थळानं फॉर्म थोडा बदलला तरी दुरुस्तीला जाणकार माणूस लागणार, आणि तो अमरावतीत परीक्षा देत असणार.

नावानिशी वेगळं करायचं. कोण बोलतंय ते पाहून ठरवायचं, किती जोरात बोलतंय ते पाहून नाही.

चौथ्या पर्यायावर एकमत व्हायला कारण अध्यक्ष झाले. “म्हणजे टाकून द्यायचं की ठेवायचं?” मी सांगितलं, लायब्ररीचं बोलणं पडद्यावरून काढून वेगळ्या फाइलीत ठेवू, कुणी रोज वाचणार नाही, पण लागलं तर असेल. ते म्हणाले, “मंग बरोबर हाय. वेचनीत कवडी निघाली तं का आपन फेकून देतो? येगळी बांधून ठेवतो.” कवडी कापूस चांगल्यात मिसळला तर सगळ्या गाठोड्याचा भाव पडतो, म्हणून तो वेगळा, पण तोही घरी येतोच.

केलेली कामं

सीएसएस पूर्ण बंद केलं. दरांचा तक्ता वाचायला त्याची गरज नाही, आणि बंद केल्यावर पहिल्या जातीच्या ओळी जन्मालाच येत नाहीत. हे दाबण्यापेक्षा चांगलं. (ज्या पानांत कोणता भाग दिसतो आणि कोणता लपतो यावर पुढची पायरी अवलंबून असते, तिथे हे करू नये.) जावास्क्रिप्ट चालू ठेवावंच लागलं, नाहीतर फॉर्म जात नाही.

परक्या स्क्रिप्टच्या चुकांसाठी एचटीएमएलयुनिटमध्येच गप्प राहणारा श्रोता मिळतो, सायलेंट जावास्क्रिप्ट एरर लिसनर, तो लावला. स्क्रिप्ट अडखळली तर अपवाद फेकू नकोस हे सेटिंग गठ्ठ्यातलंच ठेवलं. ते वागणं बदलणारं आहे, पण जाणून ठेवलं, कारण काउंटर बिघडला म्हणून भाव अडवायचा नाही. ‘टेक्स्ट/जावास्क्रिप्ट’ची तक्रार जिथून येते तो श्रोता बदलून रिकामा दिला.

स्टेटस कोडचं सेटिंग पुन्हा मूळ जागी नेलं: ५०० आलं की अपवाद फेकायचाच. त्या पानाचा मजकूर छापू नकोस, हे वेगळं सेटिंग आहे. ते बंद ठेवलं, नाहीतर एका चुकीमागे अख्खं पान लॉगमध्ये उतरतं. गठ्ठ्यात हे दोन शेजारी शेजारी असतात आणि नावंही सारखीच वाटतात. एकाला हात लावायचा, दुसऱ्याला नाही.

उरलेलं सगळं लायब्ररीच्या लॉगरकडून एका फाइलीत. लॉगर स्थिर चलात घट्ट धरलेला, फाइलीला आकाराची मर्यादा, ठरावीक फाइली झाल्या की सर्वांत जुनी पुसली जाते. जावाच्या फाइल हँडलरमध्ये ही सोय आहेच. वरच्या कॉन्सोलकडे जाणारी वाट बंद. बॅच फाइलीतून ‘नल’ काढला, त्यामुळे आता पडद्यावर लाल किंवा अनोळखी काही आलं तर ते खरंच नवीन असतं.

मग मुख्य काम, ज्याचा लायब्ररीशी संबंध नाही. आधी प्रोग्रामला ‘झाले’ एवढंच म्हणता येत होतं. आता प्रत्येक बाजारासाठी चारपैकी एक म्हणावं लागतं: दर मिळाला, बाजार बंद, आजची नोंद नाही, माहिती मिळाली नाही. तक्त्यातली तारीख वाचली जाते. ती आजची असेल तरच ‘मिळाला’. पान नीट आलं, तक्ता आहे, पण तारीख जुनी असेल तर ‘आजची नोंद नाही’ म्हणून शेवटच्या नोंदीची तारीख सोबत छापली जाते. तक्ताच नसेल किंवा अपवाद आला तर ‘माहिती मिळाली नाही’. मेसेजमध्येही तेच शब्द जातात. शिळी फाइल वाचायची पद्धत काढून टाकली.

‘बाजार बंद’चा प्रश्न मला वाटला त्याहून चिवट निघाला. रविवार सोपा. पण दिवाळीत कोणता बाजार किती दिवस बंद हे एकेका समितीचं वेगळं, आणि काही ठिकाणी सौदे झाले तरी नोंद दुसऱ्या दिवशी चढते. प्रोग्रामनं हे ओळखायचा प्रयत्न करू नये असं ठरलं. ऑपरेटर एका साध्या फाइलीत बंद दिवस लिहितो. त्यात नाव नसेल तर प्रोग्राम बंद म्हणत नाही, नोंद नाही म्हणतो.

दोन विनंत्यांमध्ये काही सेकंदांचं अंतरही टाकलं. सार्वजनिक पैशातून चालणारं संकेतस्थळ आहे, सात पानांसाठी त्याच्या मागे धावायची गरज नाही.

परिणाम

काळ्या खिडकीत आता सात ओळी आणि शेवटी एक बेरीज: सहा मिळाले, एक नाही. बेरीज सातची लागली नाही तर ऑपरेटर त्या बाजारातल्या ओळखीच्या अडत्याला फोन करतो आणि दर हातानं भरतो. मेसेजमध्ये त्यापुढे ‘फोनवरून’ असं येतं.

सभासदांना सुरुवातीला हे आवडलं नाही. “पहिले रोज सातही भाव येत होते, आता रोज कुठं ना कुठं नोंद नाही म्हनते. आधीचंच बरं होतं.” ही तक्रार काही आठवडे चालली. आधीही अधूनमधून नोंद नसायचीच, फक्त जुना आकडा तिथे बसलेला असायचा, हे समजावणं जड गेलं. काही जणांनी मेसेज पाहणं सोडून थेट अडत्यालाच विचारायला सुरुवात केली. ते परत आले की नाही हे मोजलेलं नाही.

पुढच्या वर्षी लाल ओळी पुन्हा आल्या. संकेतस्थळानं स्क्रिप्ट नव्या धाटणीची केली, जुन्या एचटीएमएलयुनिटला ती समजेना, म्हणून विद्यार्थ्यानं लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीवर नेली. २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत पॅकेजचं नावच बदललं आहे: आधी गार्गॉइल सॉफ्टवेअरच्या नावानं सुरू व्हायचं, आता ‘ओआरजी डॉट एचटीएमएलयुनिट’नं. बाकी कोड बदलला नाही तर जुळत नाही, त्यामुळे तो बदलला गेला. पण लॉगरचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलेली नुसती अक्षरं. ते जुनंच राहिलं आणि कंपायलरनं काही हरकत घेतली नाही. प्रोग्राम आता अस्तित्वात नसलेल्या लॉगरला गप्प बसवत होता. यावेळी ऑपरेटरनं त्याच संध्याकाळी फोटो काढून पाठवला, “दादा, लाल आलं.” दर सातही बरोबर होते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फोनच्या वेळीच कुणीतरी विचारायला हवं होतं की लाल ओळींमधून तुला नेमकं काय शोधायचं आहे. ऑपरेटरचं उत्तर ‘सातही आले की नाही’ असं आलं असतं. ते प्रोग्रामनं सांगायचं काम होतं, लॉगनं नाही. ती बेरजेची एक ओळ आधी आली असती, तर लाल बंद करायची घाईही झाली नसती आणि बंद केल्याचं नुकसानही इतकं नसतं.

नुसती ‘शेवटच्या दोन दिवसांची आवक तंतोतंत सारखी असेल तर खूण करा’ ही तपासणीसुद्धा पहिल्याच दिवशी पकडू शकली असती. ती आता घातली आहे. सोबत दर कालच्यापेक्षा खूप उडाला तर थांबवणारी तपासणीही घातली होती. तिनं तुरीच्या हंगामात पहिल्या आवकेला खऱ्या दरावरच बोट ठेवलं, म्हणून ती आता अडवत नाही, फक्त ऑपरेटरला दाखवते.

लॉगरचं नाव अक्षरांत लिहिण्याऐवजी लायब्ररीच्या एखाद्या वर्गावरूनच पॅकेजचं नाव घेता येतं. मग नाव बदललं की लॉगरही आपोआप बदलतो, किंवा कोड कंपाइलच होत नाही. ते विद्यार्थ्याला सांगितलं आहे. अजून केलेलं नाही. सध्या त्याची सेमिस्टरची परीक्षा सुरू आहे.

जेसूपचा पर्याय मी अजून सोडलेला नाही. पानाची नवी स्क्रिप्ट आल्यापासून फॉर्म आधीपेक्षा सोपा झाला आहे, आणि ऑफिसातल्या जुन्या संगणकावर ब्राउझर चालवण्यात स्मृतीही बरीच जाते. पण सात पानं मिळतात तोवर त्याला हात लावायचा नाही, असं कंपनीच्या बैठकीत ठरलं. लेखापालांनी ते इतिवृत्तात लिहूनही ठेवलं आहे.